‘बाइतो’ करून फी भरते म्हणणारी लेक

वाचकाचं पत्र:

‘मुलगी बारावी झाली. जपानीची एन-4 परीक्षा पास आहे. क्योटोतल्या एका खासगी विद्यापीठात इंग्रजी माध्यमाच्या पदवीला येत्या एप्रिलपासून प्रवेश मिळालाय. वर्षाची फी 10 लाख येन, त्यात 30 टक्के सवलत मिळाली आहे. आम्ही दोघंही शिक्षक. 12 लाख रुपये शिल्लक आहेत, 15 लाखांचं शैक्षणिक कर्ज होईल. ती म्हणते, “तिथं सगळीच मुलं पार्टटाइम काम करून शिकतात. दुसऱ्या वर्षापासून तुम्ही एक रुपयाही पाठवू नका.” हे खरंच जमतं का? दर महिन्याला नेमके किती पाठवायचे? शिवाय आम्ही शाकाहारी. तिच्या जेवणाचं काय होणार?’
– एक आई, सांगली

ताई, लेकीच्या म्हणण्यातलं निम्मं खरं आहे. जपानी विद्यार्थी मोठ्या संख्येनं काम करतात. त्याला ‘बाइतो’ म्हणतात आणि तिथं त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. डॉक्टरचा मुलगाही सुपरमार्केटच्या गल्ल्यावर उभा असतो. पण त्या पैशातून फी भरली जात नाही.

तिथल्या विद्यापीठांमधल्या सहकारी भांडारांचा एक महासंघ आहे. तो दरवर्षी विद्यार्थ्यांच्या जमाखर्चाची पाहणी करतो. 2023 च्या पाहणीत घरापासून लांब, एकटं राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरून महिन्याला सरासरी 70 हजार येन येत होते. बाइतोचे 36 हजारांच्या आसपास, आणि शिक्षणासाठी मिळणाऱ्या ‘शोगाकुकिन’चे 20 हजारांच्या आत-बाहेर. खर्चात खोलीला 54 हजार, खाण्यापिण्याला 26 हजार. या हिशोबात फी धरलेलीच नाही. ती आईवडील वेगळी भरतात किंवा कर्जातून जाते. म्हणजे घरच्या पैशातून खोली आणि बाइतोतून पोट, अशी ढोबळ वाटणी आहे. घरून येणाऱ्या या पैशाला ‘शिओकुरी’ असा खास शब्द आहे. 1996 मध्ये तो आकडा एक लाखाच्या वर होता. जपानी आईबापांचाही हात आखडलाय, म्हणूनच मुलं जास्त तास काम करताना दिसतात.

शोगाकुकिनबद्दल आधीच सांगून ठेवा. शब्दकोशात त्याचा अर्थ शिष्यवृत्ती असा दिसेल, पण जपानी मुलं ज्याला शोगाकुकिन म्हणतात ते बहुतेक वेळा सरकारी संस्थेकडून घेतलेलं कर्ज असतं. ते पदवीनंतर दहा-पंधरा वर्षं फेडत बसावं लागतं. एक प्रकार बिनव्याजी, दुसरा व्याजाचा. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी मुलांना हे कर्ज मिळत नाही. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी 2020 पासून सुरू झालेली फीमाफीची सरकारी योजनाही त्यांना लागू नाही. वर्गातली मैत्रीण ‘मला शोगाकुकिन मिळतं’ म्हणाली की तुमच्या मुलीनं हुरळून जायचं कारण नाही.

आता तुमचा हिशोब मांडू. क्योटोत विद्यार्थ्याची साधी 1के खोली, म्हणजे आत सहा ताताम्यांची (जपानी चटयांची), जेमतेम दहा चौरस मीटरची जागा, दाराशी एका शेगडीचा ओटा आणि न्हाणीघर-संडास, ही 45 हजार येनात मिळू शकते. त्यावर इमारतीचा सामायिक खर्च 3 हजार. झाले 48 हजार. जेवण 27 हजार, वीज-गॅस-पाणी मिळून 9, फोन 2, आरोग्य विमा 2, आणि पुस्तकं, कपडे, साबण, मित्रमैत्रिणींबरोबरचं एखादं जेवण याला 10. हे झाले 50 हजार. महिन्याचे एकूण 98 हजार, वर्षाचे 11 लाख 76 हजार येन. सवलत धरून फी 7 लाख. वर्षाला 18 लाख 76 हजार.

परदेशी विद्यार्थ्याला काम करायचं तर वेगळा परवाना लागतो आणि आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते. विद्यापीठाच्या मोठ्या सुट्ट्यांत, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवसाला 8 तास चालतात. क्योटोत नोव्हेंबर 2025 पासून किमान वेतन तासाला 1,122 येन आहे. वर्षातले 36 आठवडे 28 तास आणि सुट्टीतले 16 आठवडे 40 तास, असे कायद्यानं बसतील तेवढे सगळे तास तिनं एकही खाडा न करता भरले, तर 1,648 तास होतात. त्याचे 18 लाख 49 हजार येन. परीक्षेच्या आठवड्यातही सुट्टी नाही, ताप आला तरी कामावर, असं वर्ष काढूनही 27 हजार येन कमीच पडतात. शिवाय एवढं कमावलं की पुढच्या जूनमध्ये नगरपालिकेचा रहिवासी कर दारात येतो आणि विम्याचा हप्ताही वाढतो.

‘एक रुपयाही पाठवू नका’ हे या आकड्यांवर अडतं. तिच्यासमोर कागद-पेन घेऊन तिलाच हा गुणाकार करू द्या. तुम्ही नाही म्हणालात तर वाद होईल.

आमचं म्हणणं असं: फी आणि खोलीभाडं तुमच्याकडे, वरचे 50 हजार तिच्याकडे, आणि पहिले सहा महिने सगळंच तुमच्याकडे. वर्षाचे 6 लाख येन म्हणजे 535 तास काम. कॉलेज चालू असताना आठवड्याला आठ तास, म्हणजे चार-चार तासांच्या दोन पाळ्या, आणि सुट्टीत आठवड्याला पंधरा-सोळा तास. यात अभ्यास होतो, झोप होते, मैत्रिणी होतात. पहिल्या सहा महिन्यांत मात्र काही धरू नका. एन-4 च्या जपानीवर गल्ल्यावरचं काम सहसा मिळत नाही, कारण तिथं गिऱ्हाइकाशी ठरावीक अदबीची भाषा बोलावी लागते. सुरुवातीला मिळतात ती मागची कामं: उपाहारगृहात भांडी, बेंतोच्या कारखान्यात डबे भरणं, हॉटेलात खोल्या आवरणं. भाषा एन-3 च्या पुढे सरकली (आकडा लहान तशी पातळी वरची) की दुकानातली कामं उघडतात. तासाला जास्त देणाऱ्या इंग्रजीच्या शिकवण्याही मिळतात. पण खासगी क्लासमध्ये ‘एका तासिकेला इतके’ असा दर असला तर तयारीच्या आणि वह्या तपासायच्या वेळेचे पैसे मिळणार का, हे आधी विचारायला सांगा. नाहीतर तासाला दीड हजार दिसणारं काम प्रत्यक्षात किमान वेतनाच्या खाली उतरतं.

रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेत सव्वापट पैसे मिळतात. मुलं त्याला भुलतात. सकाळी नऊला नव्वद मिनिटांची तासिका असते आणि हजेरी मोजली जाते. तुमच्या मुलीच्या बाबतीत याला रोख किंमत आहे. फीतली सवलत चारही वर्षांसाठी दिली आहे की दरवर्षी गुण बघून, हे तिच्या प्रवेशपत्रात आजच वाचा. अनेक ठिकाणी ती दरवर्षी तपासतात. 30 टक्के म्हणजे वर्षाला 3 लाख येन, 267 तासांची कमाई. रात्रपाळीपायी दोन विषय बुडाले आणि सवलत गेली, तर ते भरून काढायला आणखी 267 तास भांडी घासावी लागतील. त्यात पुन्हा विषय बुडतील.

28 तासांच्या नियमात मुलं अडकतात ती मोजणीत. सोमवार ते रविवार असा हिशोब चालत नाही. कोणताही वार धरून पुढचे सात दिवस मोजले तरी बेरीज 28 च्या आत बसली पाहिजे. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे तास मिळून. होतं असं, की डिसेंबरच्या गर्दीत व्यवस्थापक गयावया करतो, ‘एक जण आला नाही, आजच्या दिवस ये.’ डिसेंबरात माणसं कमी पडायचं कारणही मजेशीर आहे. जपानी मुलांची वर्षाची कमाई ठरावीक आकड्याच्या वर गेली की त्यांच्या वडिलांची करसवलत कमी होते. त्याला तिथं ‘भिंत’च म्हणतात. 2025 मध्ये ती भिंत बरीच उंच केली, तरी वर्षअखेरीला हिशोब करून हात आखडायची सवय मोडलेली नाही. मग भार परदेशी मुलांवर येतो. व्हिसा वाढवायची वेळ आली की कराचा दाखला मागतात, त्यात वर्षाची कमाई स्पष्ट दिसते. तास ओलांडल्यामुळे व्हिसा नाकारला जातो, आणि तिथं ‘व्यवस्थापकानं आग्रह केला’ हे कारण चालत नाही.

हा परवाना विमानतळावर उतरतानाच मिळतो. कानसाई विमानतळावर रहिवासी कार्ड देतात, तिथंच अर्ज दिला की कार्डाच्या मागे शिक्का बसतो. अर्ज छापून, भरून बरोबर ठेवायचा. तिथं विसरली तर नंतर इमिग्रेशनच्या कार्यालयात खेटे आणि काही आठवड्यांची वाट. पाचिंको म्हणजे जुगाराच्या यंत्रांची दुकानं, माजोंगचे अड्डे, बाईनं गिऱ्हाइकाशेजारी बसून दारू ओतायची असले बार, इथं झाडूपोछ्याचं कामसुद्धा परवान्यात बसत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, लाजू नका. समाजमाध्यमांवर ‘दिवसाला 50 हजार, अनुभवाची गरज नाही’ अशा जाहिराती येतात. त्यांना जपानीत ‘यामी बाइतो’, काळोखातलं काम म्हणतात. कुणाचं तरी पाकीट आणायचं, कुणाच्या तरी कार्डावर पैसे काढायचे, एवढंच सांगितलेलं असतं. मागे म्हाताऱ्यांना फोनवर फसवणाऱ्या टोळ्या असतात आणि पकडला जातो तो हा पाकीट आणणारा. शिक्षण संपवून परत निघालेल्या मुलांकडून बँकेचं खातं ‘विकत’ घेणारेही भेटतात. तो गुन्हा आहे, आणि खातं शेवटपर्यंत तिच्याच नावावर राहतं.

आता रुपयांत. सध्या 100 येनला साठ रुपयांच्या आसपास पडतात, तोच दर धरू. चार वर्षांची फी 28 लाख येन, म्हणजे 16 लाख 80 हजार रुपये. चार वर्षांचं भाडं जवळजवळ 13 लाख 80 हजार रुपये. सुरुवातीचे धक्के वेगळे: प्रवेश शुल्क 2 लाख येन धरा, खोली घेतानाचा खर्च अडीच लाख येनच्या घरात, घरसामान 50 हजार येन, पहिल्या सहा महिन्यांचा वरखर्च 3 लाख येन, आणि विमानाचं तिकीट. हे सगळे मिळून सव्वापाच लाख रुपये. एकूण 36 लाखांच्या जवळ. तुमच्याकडे 27 आहेत.

नऊ लाखांची तूट आहे, ताई. फार मोठी नाही, पण ‘होईल काहीतरी’ म्हणून सोडून देण्याएवढी लहानही नाही. त्यात येनचा भाव हलतो. 2020 मध्ये 100 येनला सत्तर रुपयांच्या आसपास पडत होते. तो भाव परत आला तर हाच खर्च 41 लाखांवर जातो. म्हणून कर्ज 15 ऐवजी 20 लाखांचं मंजूर करून ठेवा. मंजूर असलं म्हणजे उचलायलाच हवं असं नाही. लागेल तसं सत्रागणिक उचला. तिसऱ्या वर्षी धावपळ करून कर्ज वाढवायला गेलात तर बँक सगळी कागदपत्रं पुन्हा मागेल, आणि तिकडे फीची तारीख थांबणार नाही.

उरलेली तूट भरून काढायला दोन जागा आहेत. पहिली म्हणजे जपान स्टुडंट सर्व्हिसेस ऑर्गनायझेशन, लोकांच्या तोंडी ‘जास्सो’. स्वखर्चानं आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना तिची महिना 48 हजार येनांची मदत असते आणि ती खरीखुरी शिष्यवृत्ती आहे, परत करावी लागत नाही. अर्ज विद्यापीठामार्फत जातो, विद्यापीठाच्या वाट्याला जागा मोजक्याच असतात. गुणांची अट आहे. शिवाय घरून येणारे पैसे, फी सोडून, महिन्याला सरासरी 90 हजार येनच्या आत असावेत अशीही अट आहे. लाडानं जास्त पाठवाल तर ती अर्जातूनच बाद होईल. एक वर्ष जरी मिळाली तरी साडेतीन लाख रुपये सुटतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाबाहेरचा सूचनाफलक आणि विद्यापीठाचा ईमेल रोज बघायचा, एवढंच तिच्या हातात आहे. कित्येक मुलांची संधी जाते ती तारीख उलटून गेल्यामुळे.

दुसरी जागा म्हणजे खोली. पहिल्या वर्षी विद्यापीठाचं वसतिगृह मिळतंय का, याचा अर्ज आजच्या आज. परदेशी मुलांसाठीची वसतिगृहं बहुधा वर्षभरच ठेवून घेतात, पण तेवढ्यानंही पहिल्या धक्क्यातून वाचता येतं. धक्का कसला तो बघा. 45 हजार भाड्याच्या खोलीला अनामत ‘शिकिकिन’ 45 हजार, मालकाला नजराणा म्हणून ‘रेइकिन’ 45 हजार, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं 45 हजार, दलाली करासकट 49,500, जामीन राहणाऱ्या कंपनीला 22 हजारांच्या वर, आगविमा आणि कुलूप बदलायचे मिळून 36 हजार. झाले 2 लाख 43 हजार. यातली फक्त अनामत परत येते, तीही सफाईचे पैसे कापून. रेइकिन म्हणजे ‘मला खोली दिलीत, आभारी आहे’ म्हणून द्यायचे पैसे, ते कधीच परत येत नाहीत. हल्ली रेइकिन नसलेल्या खोल्याही खूप असतात, त्या आधी बघायच्या. क्योटोत एक-दोन वर्षांनी करार नवा करताना ‘कोशिनर्यो’, म्हणजे नूतनीकरणाचे पैसे, घ्यायची पद्धतही पक्की आहे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली, त्यामुळे वाद घालून उपयोग नाही. किती आणि किती वर्षांनी, हे सही करण्यापूर्वी वाचायचं. गॅस शहराच्या नळाचा की प्रोपेनचा, म्हणजे सिलिंडरचा, हेही विचारायचं. प्रोपेनची खोली भाड्याला तीन हजारांनी स्वस्त असते आणि क्योटोच्या हिवाळ्यात गॅसच्या बिलात त्याच्या दुप्पट वसूल करते.

खोली उघडली की आत काही नसतं. बऱ्याचदा छताला दिवासुद्धा नसतो. फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र विकत घ्यायची घाई करू नये. मार्चमध्ये पदवी घेऊन निघणारी मुलं ही यंत्रं जवळजवळ फुकट देतात. तिथल्या कायद्यानुसार फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी टाकून देताना पुनर्वापराचं शुल्क आणि वाहतूक आपल्याच खिशातून भरावी लागते. दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की ते वाचतं. चार वर्षांनी हीच पाळी तिच्यावर येणार, तेव्हा तिनंही मार्चमधलं गिऱ्हाईक जानेवारीतच शोधून ठेवावं. खोलीत सामान टाकण्यापूर्वी भिंती, जमीन, न्हाणीघर यांचे तारखेसह फोटो काढायचे. अनामतीतून कापताना ‘हा डाग आधीचाच’ हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

खोलीत राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत वॉर्डाच्या कार्यालयात, ‘कुयाकुशो’त, पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा होतो. उपचाराच्या खर्चातला 30 टक्के वाटा आपला. तिथं मागच्या वर्षी उत्पन्न शून्य असल्याचा अर्ज भरला की हप्ता महिना दीड-दोन हजारांवर येतो. अर्ज भरला नाही तर ही सूट मिळत नाही. हा अर्ज दरवर्षी.

आणि वीस वर्षांची झाली की एक पाकीट येईल. राष्ट्रीय पेन्शन, ‘नेन्किन’. 2025-26 मध्ये हप्ता महिना 17,510 येन होता. परदेशी विद्यार्थ्यांनाही तो लागू आहे. घाबरायचं नाही आणि पाकीट फेकायचंही नाही. विद्यार्थ्यांसाठी हप्ता पुढे ढकलायची सोय आहे, ‘गाकुसेइ नोफु तोकुरेइ’. ओळखपत्राची प्रत जोडून अर्ज करायचा, आणि त्याची मुदत मार्चअखेर संपत असल्यामुळे दर एप्रिलमध्ये पुन्हा करायचा. मुलं पहिल्या वर्षी करतात, दुसऱ्या वर्षी विसरतात. पुढे नोकरी लागून कायम राहायचा अर्ज केला की हे थकलेले महिने समोर येतात.

फी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास दोन हप्त्यांत जाते. मुदतीत भरली नाही तर नाव पटावरून कमी होतं आणि नावाबरोबर व्हिसाही जातो. अडचण दिसली तर मुदतीच्या आधी जाऊन हप्ते पाडून मागता येतात. मुदतीनंतर नाही. जपानी कार्यालयात आधी कळवलेल्या अडचणीला वाट असते, नंतर सांगितलेल्या कारणाला नसते.

जेवणाबद्दल. विद्यापीठाचं उपाहारगृह, ‘गाकुशोकु’, स्वस्त असतं. चारशे-पाचशे येनात पोट भरतं. काही विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर शंभर येनांत सकाळचा नाश्ताही मिळतो. पण शाकाहाऱ्याची अडचण मांसाच्या तुकड्यापेक्षा रश्श्यात आहे. मिसो सूप, उदोन, उकडलेल्या भाज्या, साध्या दिसणाऱ्या अंड्याच्या वड्या, सगळ्यांत ‘दाशी’ असतो, म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशाचं पाणी. तो डोळ्यांना दिसत नाही. तो चालवून घ्यायचा की नाही हे तिनं इथूनच ठरवून जावं. चालणार नसेल तर घरी रांधणं आलं. 27 हजारांत ते बसतं. तोफू आणि मोड आलेल्या मुगासारखे ‘मोयाशी’ शंभर येनच्या आत येतात. कोबी, गाजर, कांदे, बटाटे रोजचेच. महागलाय तो तांदूळ: पाच किलोला दोन-अडीच हजार पडायचे, 2025 मध्ये चार हजारांच्या वर गेले. तूरडाळ, मसूर, मसाले भारतीय किंवा हलाल दुकानातून किंवा ऑनलाइन मागवायचे. एकदम पाच-सहा किलो मागवले तर टपालखर्च अंगावर येत नाही. इथून बॅगेत तांदूळ, डाळी, कढीपत्ता भरू नका. वनस्पतीजन्य माल नेताना सरकारी आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावर काढून घेतात. दळलेले मसाले, गोडा मसाला, चटण्या न्या.

कुकर न्यायचाच असेल तर स्टीलचा, इंडक्शनच्या तळाचा. ॲल्युमिनियमचा तिथल्या इंडक्शनच्या शेगडीवर बहुधा तापतच नाही. मिक्सर मात्र नेऊ नका. तिथं 100 व्होल्टची वीज आहे, आपला 230 व्होल्टचा मिक्सर नुसता घुरघुरतो.

एक साकुरू, म्हणजे विद्यार्थ्यांचं मंडळ, तिला जरूर लावू द्या. नृत्य असो, गिर्यारोहण असो. जपानी मैत्रिणी तिथंच होतात, भाषा तिथंच सुटते आणि बऱ्या बाइतोची ओळखही तिथूनच निघते. एका जेवणावळीचे तीन-चार हजार, सहलीवजा शिबिराचे वीस-तीस हजार जातात. सगळ्यांना जायलाच हवं असं नाही, महिन्यातून एकदा पुरे. दारूचं वय वीस आहे. अठराव्या वर्षी सज्ञान धरायचा बदल 2022 मध्ये झाला, पण दारूचं वय हललं नाही. सायकल जुनी घ्यावी, आणि घेतानाच तिच्या नावानं नोंदवून घ्यावी. नाहीतर रस्त्यात पोलिसांनी थांबवल्यावर चोरीची नाही हे सांगत बसावं लागतं.

तिसऱ्या वर्षाचं गणित थोडं वेगळं आहे. त्या उन्हाळ्यापासून नोकरी शोधायची धावपळ सुरू होते: काळा सूट, मुलाखती, ओसाका-टोकियोच्या फेऱ्या. त्या सात-आठ महिन्यांत बाइतो निम्म्यावर येतो. जपानी मुलं त्यासाठी दुसऱ्या वर्षीच पैसे बाजूला टाकतात. तिनंही टाकावेत, दीड लाख येन. तेवढेच आणखी पैसे अडीअडचणीला म्हणून पहिल्या दिवसापासून तिच्या खात्यात पडून राहू द्या.

पैसे पाठवताना दर महिन्याला पाठवू नका, तीन महिन्यांचे एकदम पाठवा. बँकेचा खर्च दर खेपेला जवळपास तेवढाच लागतो. पहिले सहा महिने गेल्यावर महिना 48 हजारांच्या हिशोबानं तिमाहीला एक लाख 44 हजार येन, आणि फी थेट विद्यापीठाच्या खात्यात. आर्थिक वर्षात पाठवणाऱ्या प्रत्येकी 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापत नाहीत, आणि शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. तेव्हा फी कर्जातून, भाडं तुम्हा दोघांपैकी कुणाच्याही खात्यातून.

फोनवर आकडा ऐकताना एक सांभाळा. जपानी माणूस लाखात मोजत नाही, दहा हजारांच्या पटीत मोजतो, आणि त्या दहा हजाराला ‘मान’ म्हणतो. ‘जू-मान’ म्हणजे दहा मान, आपला एक लाख. ‘आई, जू-मान लागतील’ असं ती सहा महिन्यांनी सवयीनं म्हणून जाईल, तेव्हा दहा हजार समजून पाठवू नका.